सापडलेली वस्तू आणि १८७२ चा कायदा

रस्त्यात पाकीट, छत्री, घड्याळ सापडलं की आपण ते सहज उचलतो. पण उचललं की जबाबदारी सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६८ मला विशेष आवडतं: मालक शोधायला आणि वस्तू जपायला झालेला खर्च मिळेपर्यंत ती आपल्याकडे ठेवता येते. त्या खर्चासाठी दावा मात्र लावता येत नाही. मालकाने आधी बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी लावता येतो! किती बारकाईने विचार केलाय.

रेल्वेत सापडलेली वस्तू सरळ आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दलाकडे) द्या. 'मिशन अमानत'मध्ये अशा सामानाचे फोटो रेल्वेच्या संकेतस्थळावर टाकतात. बेवारस बॅगेला मात्र हात लावू नका, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा.

आणि ग्रुपवर 'पाकीट सापडलंय' असं टाकताना फोटो, रंग, आतली रक्कम काहीही लिहू नका, प्लीज. ते सगळं समोरच्याने सांगायचं, मगच पाकीट द्यायचं.