जुनी मोटार आणि स्वस्त सिंथेटिक तेल

मोटार जुनी झाली कीं तिच्या तेलावरून घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, उतारवयांतील माणसाला ज्याप्रमाणें पौष्टिक आहार द्यावा त्याप्रमाणें जुन्या इंजिनाला उत्तमांतलें उत्तम तेल द्यावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, जी गाडी आज ना उद्यां भंगारांत जावयाची तिच्या पोटांत उंची तेल ओतणें म्हणजे फुटक्या रांजणांत गंगाजळ भरणें होय. अलीकडे ह्या दोन पक्षांना समेटाचा एक मार्ग सांपडल्यासारखा वाटतो. ‘सिंथेटिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले स्वस्त डबे दुकानांत मिळूं लागले आहेत. नांव उंची तेलाचें आणि किंमत साध्या तेलाहून थोडीच अधिक. हें तेल जुन्या मोटारीला पुरेसें चांगलें आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. प्रीमियर पद्मिनीचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें. ॲम्बॅसेडर आणि मारुती ८०० ह्यांचें २०१४ सालीं. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमानें २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. ज्या घरीं ह्यांपैकीं एखादी गाडी अद्याप चालती आहे, तेथें ती पुष्कळदां वडिलांनीं घेतलेली असते व तिच्यांत पैशापेक्षां माया अधिक गुंतलेली असते. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पांच वर्षांनीं गाडीची तपासणी होऊन ती नवी करून घ्यावी लागते. अशा वेळीं इंजिन निकामी झालें तर सुटे भाग मिळणें कठीण, आणि ते मिळाले तरी बसविणारा जाणता हात मिळणें त्याहून कठीण. वर्षाकांठीं तीन-चार लिटर तेल कोणतें घ्यावें हा निर्णय म्हणजे पुष्कळ अंशीं गाडी पुढील तपासणीपर्यंत टिकणार कीं नाहीं ह्याचाच निर्णय होय.

इंजिनांतील तेल मुख्यतः चार कामें करतें. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्यें पातळ थर होऊन तें त्यांना एकमेकांस भिडूं देत नाहीं. जेथें थंड करणारें पाणी पोंचत नाहीं तेथील उष्णता तें वाहून नेतें. ज्वलनांतून निघालेली काजळी व आम्लें तें आपल्यांत सामावून घेतें. आणि पिस्टनच्या रिंगा व सिलेंडर ह्यांमधील बारीक फट तें बुजवितें. ह्यांपैकीं पहिल्या व शेवटच्या कामासाठीं तेलाचा दाटपणा योग्य असावा लागतो. दाटपणा म्हणजे काय हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्यास सांगावयास नको. साखरेचा पाक चुलीवर असतां पाण्यासारखा वाहतो आणि निवल्यावर त्याला तार येते. तेलाचेंहि तसेंच आहे. थंडींत तें दाट होतें आणि उष्णतेंत पातळ.

अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या एसएई ह्या संस्थेनें १९११ सालीं दाटपणावरून तेलांचें पहिलें वर्गीकरण केलें. आजच्या डब्यावरील ‘२०डब्ल्यू-५०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ हे अंक त्याच परंपरेंतले आहेत. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या अलीकडचा अंक तेलाची थंडींतील वागणूक सांगतो, व पलीकडचा अंक तापलेल्या इंजिनांत, म्हणजे १०० अंश सेल्सियस उष्णतेला, तें किती दाट राहतें हें सांगतो. ५डब्ल्यू जातीचें तेल उणे ३० अंशांवरहि इंजिन फिरूं देतें. २०डब्ल्यू जातीचें तेल उणे १५ अंशांपर्यंत. मुंबई, नागपूर किंवा कोल्हापूर येथील मोटारीवर ह्यांपैकीं कोणताच प्रसंग कधीं येत नाहीं. तेव्हां सिंथेटिक तेलाचा जो सर्वांत नांवाजलेला गुण, तो इकडील हवेंत फारसा उपयोगीं पडत नाहीं. सकाळीं गाडी सुरू करतांच तेल थोडें लवकर वर चढतें, एवढाच काय तो लाभ.

आतां सिंथेटिक म्हणजे काय तें पाहूं. जमिनींतून निघालेल्या खनिज तेलांत नाना आकारांचे रेणू एकत्र असतात. शुद्धीकरणांत मेण, गंधक इत्यादि द्रव्यें बरींचशीं काढून टाकलीं तरी उरलेले रेणू एकसारखे नसतात. तांदूळ चाळला तरी त्यांत अख्खा दाणा, तुकडा आणि कणी थोडीबहुत राहावी तसा हा प्रकार आहे. अस्सल सिंथेटिक तेलांत रेणू चाळून काढीत नाहींत, ते रासायनिक रीतीनें बांधतात, व त्यामुळें सर्व दाणे जवळजवळ एका मापाचे होतात. असें तेल उष्णतेंत एकदम पातळ होत नाहीं, लवकर उडून जात नाहीं आणि लवकर जळून चिकट होत नाहीं. अशीं तेलें मोटारींसाठीं बाजारांत आलीं तीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत. १९७२ सालीं ॲम्सॉईल आणि १९७४ सालीं मोबिल-वन.

पुढें शुद्धीकरणाच्या शास्त्रानें एक मधली वाट काढली. खनिज तेलालाच मोठ्या दाबाखालीं व उष्णतेंत, उत्प्रेरकाच्या सान्निध्यांत, हायड्रोजन वायूची जोड देऊन त्यांतील वेडेवांकडे रेणू तोडावे व त्यांची नवी जुळणी करावी, अशी ही रीत आहे. ह्या तेलाला सिंथेटिक म्हणावें कीं म्हणूं नये ह्यावर अमेरिकेंत मोठा वाद झाला. कॅस्ट्रॉलनें आपल्या तेलास तें नांव दिलें तेव्हां मोबिलनें जाहिरातींच्या सत्यतेचा निवाडा करणाऱ्या तेथील मंडळाकडे तक्रार केली. १९९९ सालीं निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूनें झाला, आणि तेव्हांपासून हें तिसऱ्या गटाचें तेल त्याच नांवानें उघडपणें विकलें जाऊं लागलें. आजच्या स्वस्त सिंथेटिक डब्यांत बहुधा हेंच तेल असतें. ‘सेमी-सिंथेटिक’ किंवा ‘सिंथेटिक तंत्राचें’ असे शब्द असतील तर मात्र सावध असावें. त्यांत उंची तेलाचा वांटा किती असावा ह्याचा कोणताहि सर्वमान्य आंकडा नाहीं.

म्हणून हें तेल नकली ठरतें काय? मुळींच नाहीं. तिसऱ्या गटाच्या तेलांत गंधकाचें प्रमाण ०·०३ टक्क्यांहून अधिक चालत नाहीं, आणि उष्णतेंत दाटपणा राखण्याची त्याची शक्ति जुन्या पद्धतीच्या तेलाहून बरीच सरस असते. पद्मिनी प्रथम रस्त्यावर आली त्या काळीं जें तेल उत्तम म्हणून तिच्यांत घालीत, त्याहून आजचें प्रामाणिकपणें बनविलेलें स्वस्त सिंथेटिक तेल अधिक शुद्ध व अधिक टिकाऊ आहे. तेव्हां ‘स्वस्त आहे म्हणून वाईट’ हा आक्षेप टिकत नाहीं. खरी शंका निराळीच आहे. तेल चांगलें असणें ही एक गोष्ट, आणि तें ह्या इंजिनास मानवणें ही दुसरी. जुन्या इंजिनाच्या बाबतींत तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट दाटपणाची. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनांत बेअरिंगा व सिलेंडर झिजून फटी रुंदावलेल्या असतात. स्वस्त सिंथेटिक डबे बहुतेक नव्या गाड्यांसाठीं, म्हणजे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ह्या पातळ जातींचे असतात. तापलेल्या स्थितींत ५० अंकाचें तेल ३० अंकाच्या तेलाहून साधारणतः दीडपटीहून अधिक दाट असतें. दाट तेलाच्या हिशोबानें बनविलेल्या झिजक्या इंजिनांत पातळ तेल घातलें म्हणजे गाडी सिग्नलपाशीं उभी असतां तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकूं लागतो, मागून निळसर धूर येतो आणि पट्टीवरील तेलाची रेषा दर आठवड्यास खालीं जाते. दोष तेलाच्या प्रतीचा नसून निवडीचा असतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत जो अंक दिला असेल त्याच अंकाचें तेल घ्यावें. तें सिंथेटिक कीं साधें हा विचार त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट एका रसायनाची. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनांत कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटांवर मोठ्या दाबानें घासत जातात. तेथें नुसता तेलाचा थर पुरत नाहीं. जस्त व फॉस्फरस असलेलें एक संयुग तेलांत मिसळलेलें असतें, तें धातूवर रक्षक लेप धरतें. परंतु हाच फॉस्फरस नव्या गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, मारक ठरतो. म्हणून २००४ सालच्या नव्या नियमांत पातळ जातींच्या तेलांतील फॉस्फरसवर ०·०८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट जातींना ती मर्यादा लागू नाहीं. यावरून एक चमत्कारिक वाटणारा परंतु खरा निष्कर्ष निघतो: सर्वांत नवें व पातळ तेल सर्वांत जुन्या इंजिनाला सर्वांत चांगलें असेलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट रबरी सीलांची. ‘सिंथेटिक घातलें कीं जुनी गाडी गळूं लागते’ असें मिस्त्री लोक सांगतात. ह्या समजुतीला आधार नाहीं असें नाहीं. आरंभींच्या कांहीं सिंथेटिक तेलांत सील आकसत असत, व त्यामुळें गळती होई. पुढें सील फुगते ठेवणारीं द्रव्यें मिसळून हा दोष दूर करण्यांत आला. आज नव्या तेलानें गळती दिसूं लागली तर सील आधींच कडक होऊन चिरलेलें असतें. साठलेल्या मळानें बुजलेली चीर तेलानें साफ केली इतकेंच. जें इंजिन वर्षानुवर्षें दुर्लक्षित राहिलें त्यांत मात्र एक काळजी घ्यावी. सुटलेला मळ तेलाच्या जाळींत अडकूं नये म्हणून पहिलें नवें तेल व फिल्टर हजार-पंधराशें किलोमीटरांतच बदलावें. साधें व सिंथेटिक तेल एकमेकांत मिसळलें तर बिघाड होतो, किंवा एकदां सिंथेटिक वापरल्यावर परत साध्यावर येतां येत नाहीं, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

ह्यानंतर हिशोबाकडे वळूं. सिंथेटिक तेलाचें मोल दीर्घ आयुष्यांत आहे. साध्या तेलानें पांच हजार किलोमीटर काढावे तर त्यानें दहा हजार काढावे. परंतु घरांतील जुनी गाडी बहुधा भाजी आणण्यास, दवाखान्यांत जाण्यास आणि सणासुदीला बाहेर पडते. समजा, ती वर्षास ३,००० किलोमीटर चालते. अशा लहान लहान फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. ज्वलनांतून आलेलें पाणी व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें व तेथेंच राहतें. म्हणून ह्या गाडीचें तेल अंतरावर नव्हे तर काळावर, निदान वर्षांतून एकदां, बदलावेंच लागतें. दहा हजार किलोमीटरांचें तेल तीन हजारांवर ओतून टाकावयाचें असेल तर त्याच्या दीर्घायुष्याची किंमत कशासाठीं मोजावयाची? तोच पैसा वेळच्या वेळीं साधें तेल व नवा फिल्टर ह्यांवर खर्च केला तर इंजिनाचें अधिक कल्याण होतें. उलट, जी जुनी गाडी रोज घाटांत चढते किंवा भर उन्हांत तासन् तास खोळंबते, तिच्यांत योग्य अंकाचें स्वस्त सिंथेटिक तेल आपली किंमत भरून काढतें.

डबा घेतांना दोन खुणा तपासाव्या. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ही संस्था पेट्रोल इंजिनाच्या तेलांना एस ह्या अक्षरानें सुरू होणारे वर्ग देते. पुढचें अक्षर जितकें पुढचें तितका वर्ग नवा. एसपी हा वर्ग २०२० सालचा व एसक्यू २०२५ सालचा. एसएफ वर्गाचें तेल १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक इंजिनांस योग्य नाहीं असें ही संस्थाच सांगते. म्हणजे १९८० सालच्या पद्मिनीला तें चालेल, परंतु २००५ सालच्या मारुतीला चालणार नाहीं. ज्या डब्यावर असा वर्गच दिलेला नाहीं तो किती स्वस्त आहे हें विचारण्याचें कारण नाहीं.

दुसरी खूण डब्याच्या खरेपणाची. प्रसिद्ध कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत वापरलेलें तेल गाळून भरावें व नव्या भावानें विकावें, हा धंदा पोलिसांच्या छाप्यांत पुनःपुन्हां उघडकीस येतो. स्वस्त सिंथेटिक तेलापासून जुन्या गाडीला जितका धोका नाहीं तितका अशा खोट्या तेलापासून आहे. तेल अधिकृत विक्रेत्याकडून अथवा पेट्रोल पंपावरून घ्यावें, झांकणाचें सील समक्ष फोडवावें, पावती घ्यावी, आणि रिकामा डबा भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यास भोंक पाडावें.

तात्पर्य, प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आहे, परंतु अटी घालून. अंक गाडीच्या पुस्तकाप्रमाणें असेल, वर्ग इंजिनाच्या वयास साजेसा असेल आणि डबा खरा असेल, तर स्वस्त सिंथेटिक तेल जुन्या मोटारीला पुरेसें चांगलें आहे. आणि ह्या तीन अटी पुऱ्या करणारें साधें तेल वेळेवर बदललें तर तेंहि पुरेसें चांगलें आहे. तेल काळें झालें म्हणून घाबरूं नये. काजळी उचलणें हें त्याचें कामच आहे. परंतु तेल कमी झालें असेल तर अवश्य घाबरावें, कारण कमी प्रतीच्या तेलानें इंजिन झिजावयास वर्षें लागतात, तेल संपल्यानें तें कांहीं मिनिटांत बसतें. दर रविवारीं, गाडी सपाट जागीं व इंजिन थंड असतांना, पट्टी काढून पुसावी, पुन्हां घालून पाहावी आणि रेषा दोन खुणांच्या मध्यें आहे ना हें तपासावें. ह्या कामाला पैसा लागत नाहीं, आणि कोणत्याहि उंची तेलानें त्याची उणीव भरून निघत नाहीं.