केवळ-वाचनीय फॉर्म घटक आणि सुगम्यता

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, कौटुंबिक उत्पन्न हे रकाने बऱ्याचदा जुन्या नोंदींवरून आधीच भरलेले असतात. ते बदलता येत नाहीत, पण फॉर्म सादर करण्यापूर्वी तपासावे लागतात. उत्पन्नाचा आकडा चुकलेला असेल, तर डोळस विद्यार्थ्याला तो दिसतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तो कळेल का, हे त्या रकान्याच्या कोडवर अवलंबून असते.

रीडओन्ली आणि डिसेबल्ड यांतील फरक

एचटीएमएलमध्ये रकाना बंद ठेवण्याचे दोन मार्ग आहेत.

१. डिसेबल्ड: टॅब कळ दाबत पुढे जाताना हा रकाना वगळला जातो. त्यातील मूल्य सर्व्हरकडे पाठवले जात नाही. ब्राउझर त्याचा रंगही फिकट करतो, त्यामुळे अल्पदृष्टी असलेल्यांना तो वाचणे कठीण जाते.

२. रीडओन्ली: टॅबने रकान्यावर पोहोचता येते, मजकूर निवडून कॉपी करता येतो आणि मूल्य सर्व्हरकडे जाते. स्क्रीन रीडर लेबल व मूल्यासोबत रकाना केवळ-वाचनीय असल्याचेही सांगतो.

म्हणून जी माहिती वापरकर्त्याने वाचणे अपेक्षित आहे, तिथे रीडओन्ली वापरावे.

मर्यादा

रीडओन्ली हे मजकूर, संख्या, तारीख अशा रकान्यांना आणि टेक्स्टएरियाला लागू होते. चेकबॉक्स, रेडिओ बटण व सिलेक्ट यांवर त्याचा परिणाम होत नाही. अशा वेळी निवडलेला पर्याय साध्या मजकुरात दाखवणे सर्वांत सोपे. मूल्य पाठवायचे असल्यास सोबत हिडन रकाना ठेवावा.

एरिया-रीडओन्ली हे अ‍ॅट्रिब्यूट फक्त स्क्रीन रीडरला स्थिती कळवते. बदल रोखत नाही. ते स्वतः तयार केलेल्या घटकांसाठी आहे आणि बदल रोखण्याचे काम स्क्रिप्टला करावे लागते. डब्ल्यूसीएजीचा निकष ४.१.२ हेच मागतो: घटकाचे नाव, भूमिका आणि मूल्य सहायक तंत्रज्ञानाला कळले पाहिजे.

लक्षात ठेवा

• प्रत्येक रकान्याला लेबल जोडा.
• माहिती चुकीची असल्यास ती कुठे दुरुस्त करायची, हे रकान्याजवळ लिहा आणि एरिया-डिस्क्राइब्डबायने रकान्याशी जोडा.
• रीडओन्ली ही सुरक्षा नव्हे. ब्राउझरमध्ये ते काढून टाकता येते. सर्व्हरवर पडताळणी हवीच.

स्वाध्याय: असा एक फॉर्म तयार करा. एनव्हीडीए सुरू करून, पडद्याकडे न पाहता, केवळ टॅबच्या मदतीने तो तपासा. कोणते रकाने ऐकूच आले नाहीत?