तोच गिअर, तीच किक

संपादकांचं सांगणं साधं होतं: म्हैसूरला निघालाच आहात, तर तिथल्या जुन्या मोटारींवर लिहून आणा. त्यासाठी जागाही तयारच होती. बंगळूर-म्हैसूर हमरस्त्यावर श्रीरंगपट्टणजवळ धर्मस्थळचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी ‘पयण’ नावाचं मोटारींचं संग्रहालय उभारलं आहे. तिथल्या गाड्या देखण्या आहेत, निगा उत्तम आहे, मुलांना घेऊन जावं असंच ते ठिकाण आहे. पण प्रत्येक गाडीचं बॉनेट बंद होतं. जुनं यंत्र म्हणजे मला त्याचं पोट बघायचं असतं. रंग आणि क्रोम लांबूनही दिसतात. ते चालतं कसं आणि कोण चालतं ठेवतं, हे तिथे कळत नाही.

म्हैसुरात हे बघायचं तर मोटारींच्या आधी मोटारसायकलींकडे जावं लागतं. जावा आणि येझदी याच गावात बनल्या. यादवगिरीतला आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण त्या गाड्या दुरुस्त करणारे हात गावात उरले. घराच्या बाजूच्या बोळात पत्रा टाकून केलेल्या शेडमध्ये, अंगणातल्या छपराखाली, पूर्वी गाय बांधायच्या जागेत हे काम चालतं.

अशाच एका शेडमध्ये मी बराच वेळ बसून होतो. लाकडी टेबलावर जावा २५०चं इंजिन दोन फाकांत उघडून ठेवलेलं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, खाली रॉकेलच्या ताटलीत पडलेले नट-बोल्ट. थंड देशांतले हौशी लोक हिवाळ्यात घरचं गॅरेज तापवून त्यात जुन्या गाड्यांवर काम करतात. समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटरवरच्या म्हैसुरात तशी थंडी नाही. इथला शत्रू ओल. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवेतला दमटपणा हटत नाही. प्लॅटिनम पॉइंटवर मळी चढते, टाकीच्या आत गंज धरतो, उघड्या क्रँकवर एका रात्रीत तांबूस झाक येते. म्हणून उघड्या इंजिनावर जुनी चादर टाकून तिच्याखाली पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब पेटता ठेवतात. तेवढ्या उबेने लोखंड कोरडं राहतं. एलईडीच्या दिवसांत हे जुने बल्ब जपून ठेवणारी मंडळी म्हणजे हीच.

इतिहास थोडक्यात सांगतो. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची कंपनी, फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली सुरू केलेली. भारतात तिच्या गाड्या आधी बाहेरून येत. मग रुस्तम आणि फारोख इराणी यांनी त्या इथेच बनवायचं ठरवलं आणि म्हैसूर निवडलं. जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं आणि १९६१पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदललं आणि ‘येझदी’ आली. हे नाव इराणमधल्या याझ्द शहरावरून, इराणी घराण्याच्या मूळ मुलखावरून घेतलेलं. १९७८ साली रोडकिंग आली आणि कारखाना बंद होईपर्यंत तीच चालली. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर असलेली ही फटफटी वेगळी सांगायला नको. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर पडायला दोन वाटा, म्हणून सायलेन्सर दोन. बघणाऱ्याला दोन सिलिंडरची गाडी वाटायची आणि चालवणारा ती समजूत कधी खोडून काढत नसे.

मला खिळवून ठेवलं ते डाव्या पायाशी असलेल्या एका दांड्याने. या गाडीत गिअर टाकायचा दांडा आणि किक मारायचा दांडा एकच. गाडी उभी असताना तो इंजिनाकडे आत दाबायचा, मागे फिरवून उभा करायचा; झाली किक. कार्ब्युरेटरचं टिकलर पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं आणि पाय मारायचा. इंजिन धरलं की तोच दांडा पुढे पाडायचा, तो आता गिअर. जे पहिल्यांदा बसतात ते उजव्या बाजूला किक शोधत राहतात.

इतकंच असतं तर जागा वाचवायची एक युक्ती म्हणून सोडून दिलं असतं. खरी करामत आत आहे. त्या दांड्याच्या शाफ्टवर एक कॅम बसवलेला असतो. गिअर बदलायला पाय लावला की दांडा सरकण्याच्या पहिल्या टप्प्यातच तो कॅम क्लचचा रॉड ढकलतो. क्लचच्या प्लेटा सुटतात, मग गिअरचे दात बदलतात, पाय उचलला की प्लेटा पुन्हा आवळल्या जातात. म्हणजे गाडी एकदा चालू लागली की डाव्या हाताने क्लच दाबायची गरजच नाही. ही रचना १९४६ सालच्या जावा २५०मध्ये आली. चेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी लपूनछपून त्या गाडीचं काम केलं होतं. युद्ध संपलं त्याच्या पुढच्याच वर्षी ती लोकांसमोर आली. संगणक नाही, सेन्सर नाही. लोखंडाचा एक उंचवटा आणि एक सळई यांच्या जोरावर गिअरआधी क्लच सुटतो. ऐंशी वर्षं होत आली, तरी ती कल्पना शिळी वाटत नाही.

पण तिची एक अट आहे. कॅम आणि रॉड यांच्यातलं अंतर बिनचूक हवं. जास्त झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरत पडतात. कमी झालं तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा घासून जातात. स्क्रू थोडासा फिरवायचा, लॉकनट आवळायचा, पुन्हा बघायचं, असं हे काम. ज्यांना त्याचा कंटाळा आला त्यांनी ती रचनाच निकामी करून टाकली. म्हणून आज दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी गाड्यांत हा कॅम गप्प बसलेला असतो आणि मालकाला आपल्या गाडीत असं काही आहे याचा पत्ताही नसतो. शेडमधला मिस्त्री असं इंजिन उघडतो तेव्हा पहिल्यांदा कॅमवर अंगठा फिरवून झीज बघतो. रंगाची आणि क्रोमची बोलणी नंतर.

त्या दिवशी क्रँक बसवायचा होता. या इंजिनाचा क्रँक अखंड नसतो. दोन जाड चकत्या, मधे पिन, पिनेवर रोलर आणि कनेक्टिंग रॉड, असा तो प्रेसवर दाबून जोडलेला असतो. रॉड बदलायचा तर सगळं सुटं करून पुन्हा जोडावं लागतं आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आणावे लागतात. दोन टोकांवर टेकवून क्रँक हळूहळू फिरवायचा, वर डायल गेज लावायचं आणि काटा किती हलतो ते बघायचं. चुकीची मोजदाद मिलिमीटरच्या शंभराव्या भागात होते. आणि ती सुधारायचं हत्यार काय, तर तांब्याचा हातोडा. काटा जिथे सर्वांत वर जातो ती जागा खडूने खूण करून ठेवायची, चकतीच्या कडेवर एक ठोका, पुन्हा फिरवायचं. ठोका किती जोरात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मिस्त्री ठोका मारतो आणि काटा बघायच्या आधीच मान हलवतो. आवाजावरून त्याला कळलेलं असतं.

क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, ती ॲल्युमिनियमच्या केसमध्ये इतकी घट्ट असतात की हातोड्याने ठोकून बसवली तर जागा खरवडली जाते आणि केस कायमची वाया जाते. इथे उष्णता कामाला येते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सहा सेंटिमीटरचं भोक ८० अंशांनी तापवलं की साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं मोठं होतं. बाकीचं काम थंडीने करायचं, म्हणून बेअरिंग आदल्या रात्री घरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं असतं. घरच्या मंडळींना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पुडकं ओळखीचं असतं. केस शेगडीवर सावकाश फिरवत तापवायची, एकाच जागी आच लागू द्यायची नाही, नाहीतर ती वाकते. तापली की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाकायचा. तो चर्रकन उडाला की झालं. मग फडक्यात केस धरायची, बेअरिंग सरळ वर आणायचं आणि सोडायचं. टक्. आपल्याच वजनाने ते तळाला जाऊन बसतं. हातात जेमतेम काही सेकंद असतात. बेअरिंग तिरपं पडलं तर तसंच अडकतं आणि सगळं पहिल्यापासून. मी बघितलं तेव्हा ते सरळ पडलं. मिस्त्रीने केस टेबलावर ठेवली, पालथ्या हाताने कपाळ पुसलं आणि निवेपर्यंत कोणालाही तिला हात लावू दिला नाही.

पुढचं काम ऑइल सीलचं, आणि त्याच्याबद्दल मला काळजीने लिहावं लागतं. टू स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची पोकळी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल आणि हवा आधी तिथेच ओढली जाते. एका बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत शोषलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत जाते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीचं इंजिन जाम होतं. पाच-पन्नास रुपयांच्या रबराच्या चकतीवर ६५ मिलिमीटरचा बोअर अवलंबून असतो. शिवाय या इंजिनाला वेगळं वंगण नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिली, आणि तेवढ्यावर क्रँक, रॉड, पिस्टन सगळ्यांनी गुजराण करायची.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. रोज चालणाऱ्या गाडीत हे व्हायला वेळ मिळत नाही. पण जुनी गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडते. म्हैसूरच्या ओल्या महिन्यांत अर्धी रिकामी टाकी घेऊन ती उभी राहिली, की टाकीच्या तळाशी गंज आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट चिकटा सापडतो. जुन्या काळच्या रबराच्या नळ्या आणि पॅकिंग इथेनॉलने फुगतात. मिस्त्रींनी यावर आपले उपाय काढले आहेत: गाडी ठेवताना टाकी पूर्ण भरायची किंवा पूर्ण रिकामी करायची, कार्ब्युरेटर सुकवायचा, सील आणि नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालायच्या. पण हे नियमाने करतो कोण?

सुट्या भागांची तऱ्हा आणखी निराळी. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, केबल या अजून बनतात आणि मिळतात; प्रत मात्र सारखी नसते. एखाद्या पिस्टनची पिन ढिली, एखाद्या गिअरचे दात वर्षभरात झिजणारे. कारखान्याच्या शिक्क्याचा जुना भाग सापडला तर तो कपाटात ठेवला जातो आणि पटकन कोणाला विकला जात नाही. केसची ओतकामं आता होत नाहीत. केस फुटली तर वेल्डिंग करून, लेथवर मारून पुन्हा उभी करायची. तसं करणारा लेथवालाही गावात बोटांवर मोजण्याइतकाच असतो.

कायद्याचं काय? २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि मोटारींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला बाहेर काढता येते; रोजच्या वापराला नाही. चेसिस, सांगाडा आणि इंजिन मूळचं हवं. नियम चांगला आहे, जुन्या गाडीला त्याने मान दिला. पण वय मोजायचं पहिल्या नोंदणीपासून. साठच्या दशकातली जावा त्यात बसते. रोडकिंगांपैकी मात्र एकही अजून बसत नाही. मधल्या वयाच्या या गाड्यांना रस्त्यावर राहायचं तर नोंदणीचं नूतनीकरण करत राहावं लागतं. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलींचं ते शुल्क २०२५मध्ये २,००० रुपये झालं. गाडीपेक्षा कागदांचा खर्च जड वाटू लागला की मालक कंटाळतो आणि गाडी भंगारात जाते.

नाव मात्र परत आलं. क्लासिक लेजंड्स या कंपनीने २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. तिच्या उभारणीत महिंद्रांबरोबर रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणीही आहेत. येझदी नावाच्या हक्काचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्या गाड्या मध्य प्रदेशात पिथमपूरला बनतात, चार स्ट्रोकच्या आहेत, चांगल्या चालतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या डाव्या पायाशी तो दांडा नाही, आणि यादवगिरीच्या कारखान्यात हात बसलेल्या माणसाचा त्यांना उपयोग नाही.

खरी चिंता या माणसांची. कारखाना बंद झाला तेव्हा जे तिशीत होते, ते आज साठीच्या वर आहेत. क्रँकवरचा ठोका, पाण्याचा थेंब, कॅमवरचा अंगठा यांतलं काहीही कागदावर उतरलेलं नाही. शेडमध्ये शिकायला पोरं येतात, पण पंधरवड्यात नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये निघून जातात. तिथे पगार नक्की असतो आणि हात काळे होत नाहीत. त्यांना नावं ठेवता येत नाहीत. एका इंजिनाला महिना घालवणाऱ्या मिस्त्रीला गिऱ्हाईक आठ दिवसांच्या मजुरीएवढे पैसे देऊ पाहतं, तोवर हा धंदा मुलाने उचलावा असं कोणता बाप म्हणेल? सरकारने संग्रहालयांना मदत करावी, जरूर करावी. पण एखाद्या आयटीआयने अशा दोन मिस्त्रींना मानधन देऊन वर्षभर बोलावलं आणि बॅचला चार जुनी इंजिनं उघडायला दिली, तर त्याचा उपयोग काचेआडच्या दहा गाड्यांपेक्षा जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गोठ्यात, वाड्याच्या माडीखाली, मामांच्या शेतावरच्या खोलीत जावा किंवा येझदी पडून असेल तर ती किलोवर विकू नका. टाकी रिकामी करा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवून ठेवा, कार्ब्युरेटर काढून ‘नवा बसवतो’ म्हणणाऱ्याकडून जुना परत मागून घ्या. मिस्त्रीने मजुरी सांगितली तर घासाघीस करू नका, आणि घरातलं एखादं मूल त्याच्या शेजारी बसवा. आरसी पुस्तक जपून ठेवा, त्याच्याशिवाय व्हिंटेजचा अर्ज पुढे सरकत नाही. १९७८ साली नोंदलेल्या पहिल्या रोडकिंगांची पन्नास वर्षं २०२८मध्ये भरतात.