जुहूला जायचंय? आधी तिथी बघा

मानवत रोडला रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरलेल्या पोरांचा पहिला हट्ट जुहूचा. हे एकेकाळी साष्टीच्या कडेचं वेगळं बेट होतं, आता सगळं शहरच झालंय.

आपल्याला पाणी माहितीय ते दुधनेचं. पूर येणार असला की वरच्या गावातून फोन येतो. समुद्राचा फोन येत नाही, पण त्याची वेळ ठरलेली असते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही तशीच सरकते. पाऊण तास म्हणजे ४५. तासाभराचा फरक पडू शकतो, पण एका ओळीच्या कोडला एवढं माफ! नेमकी वेळ हवी तर भरतीचा तक्ता मोबाईलवर मिळतोच.

जुहूची वाळू सपाट. ओहोटीला पाणी लांब जातं अन् पोरं सेल्फी काढत त्याच्या मागं जातात, पाठ समुद्राकडं! पाणी परत फिरलं की कळायच्या आत गुडघ्याला लागतं, आणि मागं जाणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी असते. त्यात पावसाळा असेल आणि लाल झेंडा दिसला, तर पाणी लांबूनच बघा. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा, विहिरीतलं पोहणं तिथं कामाला येत नाही.