नरक्याचं रसायन आणि यकृतातल्या गाठी

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचं झाड वाढतं. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या जंगलांत त्याची चोरटी तोड होते, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन असतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरल्यावर जी मोजकी औषधं खरोखर उपयोगी पडतात, त्यांतलं इरिनोटेकॅन याच रसायनापासून बनतं.

हे रसायन १९६६ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत, मूळच्या चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. ते काम मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीचं. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले होते. पुढे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. खानदेशातल्या या शास्त्रज्ञाचं नाव महाराष्ट्रात आजही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. एवढ्या अखंड विभाजनात जनुकांत चुका राहून जातात. बहुतेक रुग्णांत कॅन्सरची सुरुवात एपीसी जनुकापासून होते. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन वेळच्या वेळी नष्ट होईल हे पाहणं एपीसीचं काम. ते थांबलं की बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात साचतं, पेशी विभागतच राहतात आणि अस्तरावर पॉलिप उगवतो. मग केरास जनुक बिघडलं तर वाढीचा संदेश बाहेरून आला नाही तरी आत चालूच राहतो. पुढे टीपी५३ निकामी झालं, की बिघडलेली पेशी स्वतःहून मरतही नाही. हा क्रम फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडला. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात कोलोनोस्कोपी झाली तर तो तिथल्या तिथे काढता येतो. आपल्याकडे मात्र शौचातून रक्त गेलं की मूळव्याध समजून महिनोन्महिने चूर्णं आणि मलमं चालतात.

पसरण्यासाठी यकृतच का? आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जातं. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात, त्यामुळे भरकटत आलेल्या पेशीला बाहेर पडणं सोपं जातं. यकृतातल्या काही पेशी मग तिच्याभोवती तंतूंचं जाळं विणतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. निदान होतं तेव्हाच साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या शरीरात कॅन्सर दूरवर पसरलेला असतो, आणि तो बहुतेकदा यकृतात. मलाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त यकृत टाळून जातं, म्हणून तिथला कॅन्सर कधीकधी आधी फुप्फुसात दिसतो.

आता नरक्याच्या रसायनाकडे. पेशी विभागताना डीएनएचे दोन धागे उलगडावे लागतात आणि पुढच्या भागात, विहिरीच्या दोराला बसावा तसा, पीळ बसत जातो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम एक धागा कापून पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं जोडण्याआधी त्याला जखडून ठेवतं. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. मूळ रसायन फार विषारी ठरल्याने १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबल्या होत्या. जपानी संशोधकांनी त्यात बदल करून इरिनोटेकॅन घडवलं आणि १९९६ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली.

हे औषध शरीराबाहेर टाकण्याचं मोठं काम यूजीटी१ए१ या एन्झाइमकडे आहे. काहींच्यात ते जन्मतःच दुबळं असतं. उपास घडला की ज्यांचे डोळे किंचित पिवळे होतात अशी माणसं त्यांत येतात. त्यांना नेहमीचा डोस दिला तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, जुलाब आवरत नाहीत. डोळे पिवळे होण्याची अशी सवय असेल तर पहिल्या केमोआधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

अशा औषधांनी गाठी आक्रसल्या की शस्त्रक्रियेची वाट उघडते. पॅरिसजवळच्या व्हिलज्विफमधल्या पॉल ब्रूस रुग्णालयाने १९९६ साली ३३० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांच्या यकृतातल्या गाठी काढण्याजोग्या नव्हत्या. ऑक्झालिप्लॅटिन असलेल्या केमोनंतर त्यांतल्या ५३ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या ५३ पैकी सुमारे ४० टक्के पाच वर्षांनंतरही हयात होते. चौथी स्टेज म्हणजे सारं संपलं, असं घरच्यांना सांगण्याची घाई म्हणूनच अन्यायाची आहे. निरोगी यकृताचा पाव-तृतीयांश भागही पुरतो. उरलेला वाढून येतो.

ज्यांच्या गाठी केमोनंतरही काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी २०२४ साली ट्रान्समेट चाचणीचे निष्कर्ष आले. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीतल्या ९४ निवडक रुग्णांपैकी अर्ध्यांना केमोसोबत यकृत प्रत्यारोपण देण्याचं ठरलं होतं. त्या गटात पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण सुमारे ५७ टक्के होतं. नुसत्या केमोच्या गटात १३ टक्के. निवड अतिशय कडक होती: यकृताबाहेर कुठेही कॅन्सर नको आणि केमोला आजाराने दाद दिलेली हवी. तिथे यकृतं मृत्यूनंतरच्या अवयवदानातून मिळाली. भारतात बहुतेक यकृतं जिवंत नातेवाईक देतात. म्हणजे इथे हा उपचार ठरवताना रुग्णाबरोबर त्याच्या धडधाकट भावाला किंवा मुलीलाही शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागेल, आणि डॉक्टरांना त्या दुसऱ्या जिवाचा धोकाही तितक्याच काळजीने तोलावा लागेल.