नेसेन तर शालूच!

‘नेसेन तर शालूच नेसेन, नाही तर नागवी बसेन’ ही म्हण हटवादी माणसाला, मग तो मिशीवाला का असेना, सुनावली जाते. काही घरांत शालूच्या जागी पैठणी येते. पैठणी पैठण-येवल्याची, म्हणजे घरची; शालू मात्र बनारसचा. लग्नाच्या बस्त्यात त्याचा मान मोठा, म्हणून हट्टाची कमाल दाखवायला म्हणीला तोच सापडला.

म्हणीतले क्रियापदही नेमके आहे. मराठीत लुगडे नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात आणि दागिने लेतात. हिंदीत साडीपासून जोड्यांपर्यंत ‘पहनना’ चालून जाते.

काशीच्या तलम कापडाचा लौकिक पाली साहित्याइतका जुना. तिथे त्याला ‘कासिक वत्थ’ म्हणतात. आजही मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांत विणकरांची वस्ती आहे. बनारसी साडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

कपड्याने माणूस ठरतो की नाही, यावर जगभरच्या म्हणींचे एकमत नाही. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ हे मराठी माणूसही सहज बोलून जातो. जपानी म्हण सांगते की पोशाख चढवला तर तट्टू हाकणाराही रुबाबदार दिसतो. उलट फ्रेंच म्हणीप्रमाणे झगा घातल्याने कोणी मठवासी होत नाही. रशियन म्हण मधला मार्ग काढते: स्वागत कपडे पाहून होते, निरोप अक्कल पाहून दिला जातो. ‘आपरुची भोजन, पररुची शृंगार’ ही आपल्याकडची उक्ती तर वादातच पडत नाही. जेवण आपल्या जिभेसाठी, नटणे लोकांच्या डोळ्यांसाठी!

दिसण्यापलीकडे जाणाऱ्या म्हणी अधिक खोल आहेत. ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणताना दागिन्याचे ओझे जाणवते. ‘उघड्यापाशी नागडे गेले, सारी रात्र हिवाने मेले’ या म्हणीतली थंडी तर खरीखुरी गरिबीची. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळते, या पाश्चात्त्य म्हणीमागची गोष्ट प्लुटार्कने नोंदवली आहे: बायकोला सोडल्याबद्दल मित्र बोल लावू लागले, तेव्हा एका रोमन गृहस्थाने आपला नवा, देखणा जोडाच पुढे केला. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण मात्र माणसांना पायरी दाखवण्यासाठीच वापरली गेली. तिचे कौतुक नको.

वस्त्राला म्हणींत असा मान, पण विणणाऱ्याच्या वाट्याला थट्टाच आली. ‘सूत न कपास, जुलाहे से लट्ठमलट्ठा’ म्हणजे हाती सूत नाही की कापूस नाही, तरी विणकराशी हाणामारी. ‘करघा छोड़ तमाशा जाय, नाहक चोट जुलाहा खाय’ या दुसऱ्या म्हणीत माग सोडून मौज पाहायला गेलेला विणकर फुकट मार खातो. ज्या काशीत कबीरासारखा विणकर होऊन गेला, तिथल्या बोलण्यातही या म्हणी चालतात.

विणकराची खरी ओळख शालूच्या उलट्या बाजूला होते. ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी मागावर वेगळी भरतात, त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत. भरगच्च कामाच्या अशा एका साडीला काही महिनेही लागतात. ‘फेकुआ’ विणीत जादा धागा या काठापासून त्या काठापर्यंत टाकतात आणि मागचा सुटा भाग नंतर कापतात. बस्त्याला बसलात की शालू आधी उलटून पाहा, किंमत मग विचारा.