रात्रीत उतरलेली बॅटरी

उमरगा, उदगीर, देगलूर या भागांतून हैदराबादच्या बाजाराला माल नेणे आपल्याला नवे नाही. मलकपेटच्या बाजारात अनेक वर्षे महाराष्ट्राचा कांदा उतरत आला आहे. माल घेऊन गेलेली गाडी पुष्कळदा रात्रभर उभी राहते आणि त्या रात्रीपुरते तीच आपले घर होते. ट्रॉलीत दिवा लागतो, डास फार म्हणून छोटा पंखा फिरतो, दोघातिघांचे मोबाईल चार्जिंगला लागतात, थोडी गाणीही होतात. पहाटे गाडी पुढे घ्यायची वेळ येते, किल्ली फिरवली की सेल्फमधून फक्त 'खट्' असा आवाज येतो. काल संध्याकाळपर्यंत तर सर्व ठीक होते!

परदेशात मोटारीमागे राहण्याची गाडी जोडून मुक्कामाच्या सहलीला जाणारे लोक असतात. त्यांचीही नेमकी हीच तक्रार असते. गाडी त्यांची असो वा आपली, बॅटरीचा नियम एकच आहे. अशा वेळी आपण लगेच म्हणतो, "बॅटरी गेली." मग बाजारच्या गावी, घाईत, मिळेल त्या भावाने नवी बॅटरी घेतली जाते, आणि आठ दिवसांनी तीही उतरते. कारण मूळ दोष बॅटरीत नव्हताच. म्हणून आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. बॅटरी एकाएकी उतरत नाही, ती हळूहळू उतरत असते आणि आपल्याला मात्र ते एकाएकी कळते. कोठून उतरते ते क्रमाने शोधले, तर बहुतेक वेळा खर्च वाचतो.

बॅटरीच्या पोटात काय असते?

शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल, म्हणजे आपले 'ॲसिड', यांची ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. आजही तत्त्व तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खाने असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक खाना साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आकड्यांतला फरक किती थोडा आहे पाहा! 'बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे चांगली आहे' असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचा पांढरट क्षार बसतो. लगेच चार्ज केली तर तो पुन्हा विरघळतो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर तो क्षार कठीण होतो आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. चांगली बॅटरी लवकर मरते ती बहुधा अशी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिव्याला थोडी वीज लागते, पण सेल्फला काही क्षण शेकडो अँपिअर लागतात. म्हणून उतरलेल्या बॅटरीवर दिवा छान लागतो आणि सेल्फ मात्र हलत नाही. दिवा लागतो याचा अर्थ बॅटरीत जीव आहे एवढाच. ताकद आहे असा नव्हे.

आधी हिशेब करावा

कागद-पेन्सिल घेऊन रात्रीचा खर्च मांडावा. समजा बॅटरी ७५ अँपिअर-तासांची आहे. पार्किंगचे आणि मागचे मिळून ५ वॅटचे चार दिवे म्हणजे २० वॅट, पंखा २० वॅट, गाण्यांचा डबा आणि मोबाईल मिळून २० वॅट. एकूण ६० वॅट. याला १२ ने भागले की ५ अँपिअर. दहा तासांत ५० अँपिअर-तास संपले, म्हणजे दोनतृतीयांश बॅटरी रिकामी! त्यातून बॅटरी दोन-तीन वर्षांची जुनी असेल तर तिची खरी साठवण ७५ राहिलेलीच नसते. अशा रात्रीनंतर सेल्फ मारला नाही, तर त्यात गूढ काही नाही.

याउलट एकदा गाडी चालू करण्यास किती वीज लागते? २०० अँपिअर पाच सेकंद धरले, तरी पाव अँपिअर-तासाहून किंचित अधिक. सेल्फ उधळ्या दिसतो खरा, पण बॅटरी रिकामी करतात ते रात्रभर मिणमिणणारे दिवे.

दोष शोधण्याचा क्रम

हिशेबात रात्रीचा खर्च थोडा निघाला आणि तरीही बॅटरी उतरली, तर पुढील क्रमाने तपासावे. सुमारे पाचशे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो.

पहिले काम डोळ्यांचे. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट पूड जमली आहे का? क्लॅम्प हाताने हलतो का? बॅटरीची काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडली आहे, तेथे गंज आहे का? बॅटरीतले पाणी पट्ट्यांच्या वर साधारण बोटाच्या जाडीइतके आहे का? पुष्कळदा दोष येथेच सापडतो. बॅटरी भरलेली असते, पण सैल टर्मिनल वीज पुढे जाऊ देत नाही.

दुसरे, बॅटरीची परीक्षा. ती पूर्ण चार्ज करून तीन-चार तास तशीच ठेवावी, मग व्होल्ट पाहावेत. घाईने तासाभरात केलेल्या 'बूस्ट' चार्जिंगने पट्ट्या तापतात. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सात-साडेसात अँपिअरने दहा-बारा तास सावकाश चार्जिंग द्यावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरने प्रत्येक खाना तपासावा. आपल्या उष्ण हवेत भरलेला खाना १.२४० ते १.२६० च्या आसपास असतो. पाच खाने १.२४० आणि एकच १.१५० असेल, तर तो खाना गेला. अशी बॅटरी मात्र खरोखरच बदलावी लागते.

तिसरे, चार्जिंग. इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी आणि बॅटरीवर मीटर लावावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर डायनामो आपले काम करीत आहे. आकडा १२.५ वरच अडला, तर आधी पट्टा पाहावा; अंगठ्याने मध्यावर दाबल्यास तो साधारण अर्धा इंच दबावा, त्याहून अधिक दबला तर सैल आहे. पट्टा ठीक असेल, तर डायनामो इलेक्ट्रिशियनकडे न्यावा. आकडा १५ च्या वर जात असेल तर तेही वाईट. बॅटरी उकळते आणि पाणी वारंवार कमी होते.

चौथे, चोरगळती. सर्व काही बंद असतानाही कोठूनतरी वीज जात असते, तिला आम्ही हे नाव दिले आहे. सर्व खटके बंद करावे, किल्ली काढावी आणि काळी, म्हणजे मायनसची, वायर टर्मिनलवरून सोडवावी. मीटर १० अँपिअरवर लावून त्याची एक तार टर्मिनलला व दुसरी सोडवलेल्या वायरीला जोडावी. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये, मीटर जळेल. पिकअपसारख्या नव्या गाडीत अर्धा तास थांबून मगच आकडा वाचावा. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालू शकते. तीही दिवसाला १.२ अँपिअर-तास नेते, म्हणजे उभ्या गाडीची निम्मी बॅटरी महिन्याभरात खाली. पूर्ण एक अँपिअर गळत असेल, तर दिवसाला २४ अँपिअर-तास जातात आणि ७५ ची बॅटरी दोन दिवसांत लोळते.

गळती सापडली की सर्वप्रथम ट्रॉलीच्या दिव्यांचा प्लग काढावा. त्या प्लगमध्ये चिखल आणि पाणी शिरते, वायर फरफटते, उंदीर तिचे वेष्टन कुरतडतात. प्लग काढताच आकडा खाली आला तर दोष ट्रॉलीत आहे. नाही आला तर एकेक फ्यूज काढावा आणि पाहावे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वायरीवर चोर आहे. मागाहून बसवलेले हॉर्न, गाण्यांचा डबा आणि मोबाईलचा चार्जर यांच्यावर विशेष नजर ठेवावी, कारण ते पुष्कळदा किल्लीला वगळून सरळ बॅटरीला जोडलेले असतात.

पुढे तसे होऊ नये म्हणून

उष्णतेत बॅटरी आपोआपही उतरते. दर दहा अंशांना हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. हैदराबाद काय आणि मराठवाडा काय, मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा बॅटरी सावलीत ठेवावी. महिना-दोन महिने ट्रॅक्टर उभा राहणार असेल, तर काळी वायर सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जिंग करावे.

ज्यांना वारंवार मुक्काम करावा लागतो, त्यांनी ट्रॉलीसाठी वेगळी बॅटरी ठेवावी. परदेशातल्या मुक्कामाच्या गाड्यांतही हाच उपाय असतो: इंजिनाची बॅटरी वेगळी, घरखर्चाची वेगळी. सेल्फची बॅटरी थोडा वेळ जोराचा झटका देण्यासाठी केलेली असते. रात्रभर सावकाश वीज देण्यासाठी इन्व्हर्टरला लावतात तशी ट्यूब्युलर बॅटरी बरी. तिच्या प्लसजवळच फ्यूज घालावा. ५० वॅटचे सौर पॅनेल कंट्रोलरसह बसवले, तर चांगल्या उन्हात दिवसाला १५ अँपिअर-तासांच्या आसपास भर पडते. एलईडीचे दिवे वापरले तर खर्चही घटतो. अशी सोय केल्यावर रात्री काहीही संपो, सकाळचा सेल्फ हमखास मारतो.

जीव आधी, बॅटरी मागाहून

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने स्फोटासारखा पेटतो. जवळ विडी, काडी, कंदील नको. वायर सोडवताना आधी काळी सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. दुसऱ्या गाडीची वीज घ्यायची तर प्लसला प्लस आधी जोडावा, मग काळ्या वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर जोडावे.

बॅटरीत नेहमी डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, आणि वरून ॲसिडही नको. टर्मिनलची पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण तेव्हा झाकणे घट्ट बंद असावीत. ॲसिड डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तसेच दवाखाना गाठावा. डोळा चोळू नये, त्यात सोडा घालू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुनी बॅटरी घरी फोडू नये. जाळ्याला वजन लावण्यासाठी किंवा भंगारात विकण्यासाठी कोणी शिसे वितळवतात. त्याची धूळ आणि धूर अंगणात बसतो, मुलांच्या हातांवाटे पोटात जातो आणि मेंदूला कायमची इजा करतो. सेनेगल देशातील डाकारजवळ एका वस्तीत जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे असे काढले जात होते. तेथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ मुले दगावली. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदारही नवी बॅटरी देताना जुनीचे पैसे वजा करतो. तेव्हा जुनी बॅटरी दुकानातच द्यावी आणि तिचे ॲसिड शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बॅटरी हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

बाजाराला निघण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे काढावी. टर्मिनल घट्ट, पाणी पुरेसे, पट्टा ताणलेला, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट. मुक्कामाला पोहोचल्यावर ट्रॉलीचा प्लग काढावा आणि रात्रीच्या खर्चाचा हिशेब आधीच करावा. ही सवय घरातल्या तरुण मुलामुलींनाही लावावी. त्यांच्या हाताला मीटर लवकर सरावतो.